जावावाल्या घरात बुलेट कशी आली: एका रेट्रो गाडीचं प्रकरण

कोल्हापुरातलं मंगळवार पेठेतलं घर. आबा सत्तरी ओलांडलेले, मिलमधनं रिटायर. थोरला मुलगा कंपनीत, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, रोजचं जाणंयेणं वीसेक किलोमीटर. धाकटा पुण्यात, अधनंमधनं येणार आणि आला की चपला काढायच्या आधी सल्ले चालू. आणि जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली 1967 मॉडेलची जावा 250, आबांनी 1978 साली जुनीच घेतलेली, संसार सगळा तिच्यावर ओढला आणि मग एका पावसाळ्यात बंद पडली ती पडलीच.

थोरल्याची रोजची 110 सीसीची गाडी आता दमली होती. नवीन घ्यायची तर जुन्या स्टाइलचीच घ्यायची, गोल हेडलाइट, टाकीला क्रोम, तारांची चाकं, हे त्याचं पक्कं. बजेट अडीच लाखाच्या आत ऑन रोड. धाकटा म्हणतोय नवी कशाला, तेवढ्यात घरातली जावा फुल रिस्टोअर होईल आणि रोज तीच वापर, पेठेत तुझ्यासारखा तूच. आणि तिसरीकडं एक गिऱ्हाईक दारात येऊन गेलेलं, जावा आहे तशी टेम्पोत घालून न्यायला तयार, रोख. म्हंजे विकायची का, रिस्टोअर करून रोज वापरायची का, का नवी घेऊन जुनी ठेवायची, असा तिढा. त्यात आबा काहीच बोलंनात.

मला बोलवलं कारण उद्यमनगरात माझं लेथचं काम, जुन्या गाड्यांचे बोअर आणि क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरवतो तो दांडा) रोज हातातनं जातात. सगळ्यांनी मिळून मला एकच प्रश्न विचारला, नवीन जावा आणि जुनी जावा यात चांगली कुठली? मी म्हटलं प्रश्नच चुकीचाय. पण तसं नुसतं बोलून कोण ऐकतंय, त्यामुळं रीतसर दोन्ही बाजू बघितल्या.

आधी जुनी

ज्यांनी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1960 च्या दशकात आयडियल जावा कंपनी म्हैसूरला ही गाडी बनवायला लागली, मूळ डिझाइन चेकोस्लोव्हाकियाचं. टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, बोअर म्हंजे सिलिंडरची रुंदी 65 मिमी आणि स्ट्रोक म्हंजे पिस्टनची वरखाली धाव 75 मिमी, ताकद 12 हॉर्सपॉवरच्या घरात आणि ती पण 4750 आरपीएमलाच मिळून जाती. गिअर चार. किक आणि गिअरचा दांडा एकच, डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की किक, काम झालं की परत खाली आणून गिअर. आणि खरी गंमत म्हंजे गिअरचा दांडा हलवला की आतल्या आत क्लच आपोआप सुटतोय, त्यामुळं चालत्या गाडीला क्लच लिव्हर न दाबता गिअर पडतोय. त्या काळात. आपल्या पोरांना आता क्विकशिफ्टर म्हटलं की डोळं चमकतात (तंत्र वेगळं आहे, पण सुख तेच).

चेन पूर्ण बंद डब्यात, त्यामुळं पावसाचा चिखल चेनला लागत नाही. हे डोकं कुठल्याच नव्या रेट्रो गाडीत मला दिसलेलं नाही, कारण चेनचा डबा फोटोत चांगला दिसत नाही.

आता दुसरी बाजू. डायनमो सहा व्होल्टचा, म्हंजे गाडी स्लो केली की हेडलाइट मेणबत्ती. ब्रेक दोन्हीकडं ड्रम. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं मिसळायचं, लिटरला 40 मिली. पन्हाळ्यावरनं वाघबिळाकडं उतरताना तर आबांची एक ठरलेली सवय होती, ती त्यांनी स्वतः करून दाखवली, हातात काल्पनिक हँडल धरून. उतार आहे म्हणून रेस पूर्ण बंद करून गाडी सोडायची नाही, थोड्या थोड्या वेळानं रेस द्यायचीच. का तर टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातंय, रेस बंद म्हंजे ऑइल पण जवळजवळ बंद आणि इंजिन मात्र उताराच्या जोरावर गरागरा फिरतंय. अशात पिस्टन जाम धरला की मागचं चाक लॉक. शिवाय टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग, म्हंजे रेस सोडली की इंजिननंच गाडी रोखणं, जवळजवळ नाहीच, सगळा भार त्या ड्रमवर. धाकट्याला मी विचारलं, हे सगळं रोज सकाळी हायवेवर, ट्रकांच्या मधनं, साडेसातच्या शिफ्टला जाताना तुझा दादा करणार का? तो म्हणाला, "आबांनी केलंच की." त्यावर आबा पहिल्यांदा बोलले. "आरं दुसरी गाडी हुती का मला? असती तर कशाला केलं असतं?"

मला वाटतं अर्धं प्रकरण तिथंच मिटलं होतं. जुन्या गाडीच्या ज्या ज्या गोष्टीवर आज आपण जीव टाकतोय त्यातल्या निम्म्या गोष्टींना ती रोज वापरणाऱ्यांनी शिव्या घातलेल्या आहेत.

इंजिन उघडल्यावर

तरी इंजिन उघडून बघू म्हटलं, नुसत्या अंदाजावर कशाला. जावा टेम्पोत घालून उद्यमनगरात आणली. क्रँकची सीलं दगडागत कडक झालेली. हे सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातंय आणि मागनं पांढरा धूर. आबा म्हणाले शेवटी शेवटी धूर यायचाच. सायलेन्सरच्या आतली जाळी कार्बननं गच्च. टाकीत खालच्या बाजूला गंज. बोअर आधीच ओव्हरसाइज केलेला, म्हंजे झिजला म्हणून घासून मोठा केलेला, पण सिलिंडर बिडाचा आहे, अजून एका ओव्हरसाइजला जागा होती. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग वाजत होतं, मग क्रँक प्रेसवर उघडून रॉड किट टाकलं.

क्रँक परत जोडताना जे करावं लागतं ते थोरला आणि धाकटा दोघंही उभं राहून बघत होते. दोन्ही फ्लायव्हील प्रेसनं बसवायचे, मग क्रँक सेंटरमध्ये धरून डायल (वाकडेपणा काट्यावर दाखवणारं माप) लावायचा आणि क्रँक हातानं हळू फिरवायचा. काटा हलला की कुठल्या बाजूला हलला तिथं खडूची खूण, खाली काढायचा, तांब्याच्या हातोडीनं एक ठोका, परत सेंटरमध्ये, परत डायल. एक ठोका जास्त बसला की काटा दुसरीकडं पळतोय. संध्याकाळ गेली त्यात. धाकटा म्हणाला हे सगळं यूट्यूबवर दहा मिनिटात होतंय. म्हटलं भावा, तिथं ठोके कापलेले असतात.

हे सविस्तर सांगायचं कारण, जुन्या गाडीची खरी ताकद इथं आहे. कंपनी 1996 ला बंद पडली, तरी कोल्हापुरात ही गाडी अजून दुरुस्त करून मिळती, कारण तिच्यात जे आहे ते सगळं लेथ, प्रेस आणि हातात बसतंय. बुश टर्न होतो, सिलिंडरला स्लीव्ह बसते, पार्ट मिळाला नाही तर करून मिळतोय. नवीन रेट्रोमध्ये ईसीयू म्हंजे इंजिनचा कॉम्प्युटर आहे, फ्युएल इंजेक्शन आहे, ऑक्सिजन सेन्सर आहे, ब्रेक लागल्यावर चाक लॉक होऊ न देणारं एबीएसचं मोड्यूल आहे. त्यातलं काहीही मी लेथवर करून देऊ शकत नाही. पण रोज गाडी घासणाऱ्याला ह्या गोष्टीचं महत्त्व नाही, वीस वर्षांनी पण गाडी ठेवायची आहे त्याला आहे. आणि नवीन गाडी वीस वर्षं ठेवणारी माणसं आता किती राहिलीत.

मग शोरूम

पहिली बघितली ती अर्थात जावाच. नाव परत आलं 15 नोव्हेंबर 2018 ला, क्लासिक लिजंड्सनं आणलं, मागं महिंद्रा, गाडी बनती पिथमपूरला. तेव्हा इंजिन होतं 293 सीसी, आम्ही बघितली ती 2024 ला आलेली 334 सीसीची जावा 350. दिसायला, काय सांगू, डिझाइनवाल्यांनी जीव ओतलाय. टाकीचा तो थेंबासारखा आकार, लांब मडगार्ड, दोन सायलेन्सर, मरून कलर. आबांनी टाकीवरनं हात फिरवला. मग सेल्फ मारला आणि आबांचा चेहराच सांगत होता.

आवाज वाईट नाही. पण फोर-स्ट्रोकचा आवाज, टू-स्ट्रोकचा कसा येणार. आणि यात कंपनीची चूक नाही हे पण सांगायला पाहिजे, कारण पेठेत कट्ट्यावर बसून शिव्या घालणारे लई आहेत. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला गॅस बाहेर जाताना ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पण थोडं तसंच निघून जातंय, वरनं ऑइल जळतंय ते वेगळं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 म्हंजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम लागू झाला, त्या नियमात असलं साधं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक इंजिन बसवणं शक्यच नव्हतं. म्हंजे खरीखुरी जावा आज कुणीही नवीन बनवून विकू शकत नाही. राहतं काय तर रूप आणि नाव.

आणि इथं माझ्यातला लेथवाला जागा झाला. जुन्या जावाचा बोअर 65 आणि स्ट्रोक 75, म्हंजे स्ट्रोक लांब. नवीन 334 चा बोअर 81 आणि स्ट्रोक 65, एकदम उलटं, बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड. अशा इंजिनचा स्वभावच वर फिरायचा असतो. ताकद साडेबावीस हॉर्सपॉवर पण ती 7000 आरपीएमला. डबल ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे इंजिनच्या डोक्यावर), पाण्यानं थंड होणारं, सहा गिअर. सिलिंडरवर हवेसाठी पात्या दिसतात पण मुख्य काम रेडिएटर करतोय. गाडी म्हणून बघायला गेलं तर पळायला हलकीफुलकी, हायवेला सहाव्या गिअरला निवांत, दोन्ही चाकांना डिस्क. फक्त जुन्या जावाशी तिचं रक्ताचं नातं नाही, 1996 ते 2018 मध्ये सगळा दुवाच तुटलाय.

आबा इतकंच म्हणाले, "चांगली हाय की गाडी. पण जावा म्हणून घिऊ नगा, गाडी म्हणून घ्यायची तर घ्या."

हे वाक्य मी तिथंच उचललं आणि थोरल्याला म्हटलं आता नाव झाकून बघायचं. टाकीवर काहीच लिहिलेलं नाही असं समज आणि चालव.

मग रॉयल एन्फिल्डची क्लासिक 350 बघितली, पेठेत तिला सगळे बुलेटच म्हणतात. मी स्वतः बुलेटवाला नाही, माझ्याकडं अजून यामाहाची आरएक्स 100 आहे (तिचा विषय काढू नका, माणसं पागल झाल्यागत किंमत सांगायला लागलीत). पण इथं गोष्ट वेगळी निघाली. क्लासिकचं रूप एन्फिल्डच्या 1948 च्या जी2 मॉडेलवरनं घेतलंय, म्हंजे ती पण रेट्रोच. पण बुलेट आपल्याकडं कधी बंदच पडली नाही. आधी लष्करानं मागवली, 1955 ला मद्रासला कंपनी उभी राहिली आणि तिथनं गाडी थोडी थोडी बदलत आली. जुन्या कास्ट आयर्न इंजिनचा बोअर 70, स्ट्रोक 90. आत्ताच्या 349 सीसी जे-सिरीज इंजिनचा, 2021 ला क्लासिकमध्ये आलं ते, बोअर 72 आणि स्ट्रोक 85.8. बघा, सगळं नवीन आहे, कॅम वर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, पण स्ट्रोक अजून लांबच ठेवलाय. ताकद 20.2 हॉर्सपॉवर, नवीन जावापेक्षा कमी. टॉर्क म्हंजे ओढायचा जोर 27 न्यूटन मीटर, जवळजवळ नवीन जावाएवढाच, पण तो 4000 आरपीएमलाच हातात येतोय. नवीन जावाला त्यासाठी 5000 लागतात. कागदावर हजाराचा फरक, पण गंगावेशीतल्या गर्दीत तिसऱ्या गिअरला रेस न देता गाडी ओढती का नाही ते इथं ठरतंय.

बुलेटवाल्यांनी लगेच कॉलर टाइट करायची गरज नाही. उजव्या बाजूचा गिअर गेला, किक तर या नवीन इंजिनात पूर्णच काढून टाकली, आणि बॅलन्सर शाफ्टमुळं हादरे इतके कमी झालेत की जुने बुलेटवाले म्हणतात ही गाडी मेली. मला विचाराल तर हात सुन्न न होता पुण्यापर्यंत जाता येणं याला मरण म्हणत नाहीत. पण ते पण गमावलेलंच आहे, मान्य करा. बाहेरच्या कंपन्यांनी तर कहर केलाय, ट्रायम्फच्या आत्ताच्या बॉनव्हिलमध्ये इंजेक्शनची थ्रॉटल बॉडी जुन्या अमाल कार्बोरेटरसारखी दिसेल अशी बनवलीय. म्हंजे कार्बोरेटर नाही, कार्बोरेटरचा मुखवटा. कारागिरी म्हणून मला आवडलं, खोटं कशाला बोलू.

निर्णय कुणी घेतला

मी नाही, आबांनी पण नाही. वहिनींनी. दोन्ही गाड्यांवर मागं बसून रंकाळ्याला एक एक फेरी झाली, क्लासिकवरनं उतरल्यावर म्हटल्या, "मी हिच्यावर बसतो बाबा, दुसरीवर तुम्ही एकटंच फिरा." सीट आणि मागच्या शॉकअपचा विषय होता. थोरला पण कमी रेसवर चालवणारा माणूस, वरच्या आरपीएमला कधी जातच नाही, त्याला सहावा गिअर गोकुळ शिरगावपर्यंत टाकायला पण मिळणार नाही. उद्या एखादा गडी मला म्हणाला की मी दर रविवारी गगनबावड्याला जातो, करूळ घाट उतरतो आणि गाडी खेचतो, तर मी त्याला नवीन जावाच घे म्हणेन. या घरासाठी क्लासिक बरोबर होती.

जावावाल्या घरात बुलेट आली म्हणून पेठेत चार दिवस आबांची चेष्टा झाली. त्यांना काही वाटलं नाही.

जुनीचं काय

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. इंजिन झालंच होतं, पण धाकट्याला पाहिजे होता तसा फुल पेंट आणि नवीन क्रोम मी करू दिला नाही. आबांच्या गुडघ्यानं टाकीचा रंग जिथं घासलाय तिथं खालचा पत्रा दिसतोय, तो तसाच ठेवला, गंज फक्त आतनं साफ करून घेतला. एकदा रंग काढला की परत आणता येत नाही, आणि नवा रंग दिलेली जावा कोल्हापुरात पन्नास मिळतील.

ठेवायची म्हटल्यावर दोन गोष्टींची काळजी जास्त. एक, पेट्रोल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतंय आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतंय. रोज फिरणाऱ्या गाडीला फरक कमी, पण जिन्याखाली महिनाभर उभी राहणाऱ्या जावाच्या टाकीत पाणी खाली बसलं की परत गंज चालू, कार्बोरेटरची जुनी रबरं फुगतात ते वेगळंच. त्यामुळं आता नियम केलाय, फिरवून आणली की कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं आणि गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असली तर टाकी पूर्ण रिकामी.

दुसरी गोष्ट कागद. धाकट्यानं कुठंतरी वाचलं की 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळती, 2021 ला नियम आलाय. खरंय, पण तसं केलं तर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आबांना तर दर अमावस्येला जोतिबाला जायची हुक्की, मग कशाला ते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचं असतं तेच साधं नूतनीकरण, पर्यावरण कर भरून. गाडी अजून आबांच्याच नावावर होती हे नशीब, नाहीतर वारसांच्या सह्या गोळा करण्यात वर्ष गेलं असतं.

पुढं काय झालं

क्लासिकबद्दल एक गोष्ट आम्ही कुणीच धरली नव्हती. 195 किलो वजन. त्यांच्या बोळात गाडी तोंड फिरवून लावायची म्हंजे रोजचा व्यायाम, जुनी जावा आबा या वयात पण एकट्यानं स्टँडवर घेतात. थोरला आता गाडी बोळाच्या तोंडाशीच लावतोय आणि रात्री दोनदा खिडकीतनं बघतोय. शोरूममध्ये उभ्या गाडीवर बसून वजन कळत नाही, ढकलून बघायला पाहिजे होतं, जो कुणी घेणार असंल त्यानं हे जरूर करा. नवीन जावा घेतली असती तरी हाच प्रकार, तिचं वजन पण 194 किलोच्या आसपास आहे.

आणि धाकटा, जो रिस्टोअर कर म्हणून मागं लागला होता, तो सुट्टीला आला की क्लासिकच मागतोय. जावाला किक बसंना त्याला.

सध्या घरात वाद आहे तो सहा व्होल्टचा. आबांना रात्रीचं परत यायला उजेड पुरत नाही, थोरला म्हणतोय बारा व्होल्ट करू, धाकटा म्हणतोय ओरिजिनल बिघडवायचं नाही. माझं मत सरळ आहे, रस्त्यावर चालणार असंल तर बारा व्होल्ट करा, जुना डायनमो आणि वायरिंग तेल लावून डब्यात ठेवा, पुढं कुणाला परत बसवायचं झालं तर बसवंल. पुढच्या महिन्यात काम घेतोय, आबांनी हो म्हटलंय, धाकट्याला अजून सांगितलेलं नाही.